गोवराचे रुग्ण शून्य: हा आकडा वाचायचा कसा?

येरळाकाठ

नमस्कार मंडळी,

एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने गोवर-रुबेला निर्मूलनाची मोहीम जाहीर केली, तेव्हा एक आकडा सगळीकडे छापून आला. जानेवारी ते मार्च २०२५ या तीन महिन्यांत देशातल्या ३३२ जिल्ह्यांत गोवराचा एकही रुग्ण नोंदला गेला नाही. रुबेलाच्या (जर्मन गोवराच्या) बाबतीत असे जिल्हे ४८७. लसीच्या पहिल्या डोसचं प्रमाण ९३.७ टक्के, दुसऱ्याचं ९२.२ टक्के, आणि निर्मूलनाचं उद्दिष्ट २०२६. तेव्हापासून तो ३३२ चा आकडा माझ्या मनात घर करून आहे, म्हणून हा धागा.

मी आरोग्य खात्यात होते. नोकरीतली बरीच वर्षं सांगली जिल्ह्यातल्या विटा-कडेगाव पट्ट्यात गेली. गोवर ओसरल्यावर न्यूमोनियाने दगावलेली बाळं पाहिली आहेत, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी कागदावरचा नाही. १९८५ ला गोवराची लस राष्ट्रीय कार्यक्रमात आली, २०१० पासून दुसरा डोस सुरू झाला, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये आपल्या राज्यात नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांना शाळाशाळांतून एमआर (गोवर-रुबेलाची एकत्रित लस) टोचली. एवढ्या लोकांच्या राबण्याला फळ येतंय, याचा आनंद आहेच. पण रुग्ण नोंदला गेला नाही म्हणजे तो झालाच नाही, असं धरून चालणं धोक्याचं आहे.

नोंद कशी होते ते आधी सांगते. कोणत्याही वयाच्या माणसाला ताप आला आणि अंगावर लाल पुरळ उठलं (कांजिण्यांसारखे पाण्याचे फोड नव्हेत), की तो संशयित. आशा, सिस्टर किंवा डॉक्टर यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवायचं. मग फॉर्म भरतात: पुरळ कोणत्या तारखेला उठलं, एमआरचे डोस किती आणि कधी, मागच्या काही दिवसांत प्रवास कुठे झाला, घरी कोण येऊन गेलं. पुरळ उठल्यापासून २८ दिवसांच्या आत शिरेतून रक्त घ्यायचं, सिरम वेगळं करायचं, आइस पॅक घालून ते प्रयोगशाळेत पाठवायचं. तिथे आयजीएम, म्हणजे ताज्या संसर्गात तयार होणाऱ्या अँटिबॉडीज, तपासतात. पहिल्या काही दिवसांत घशाचा स्वॅब मिळाला तर विषाणूचा जनुकीय प्रकारही कळतो, आणि हा विषाणू इथलाच की दुसरीकडून आलेला याचा माग लागतो. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या कामातली एक मुख्य प्रयोगशाळा आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. या सगळ्या व्यवस्थेची एक परीक्षा ठरलेली आहे, आणि ती बातम्यांत कधी येत नाही. दर एक लाख लोकसंख्येमागे वर्षाला किमान दोन संशयित असे सापडलेच पाहिजेत, की ज्यांचा नमुना तपासल्यावर गोवरही निघाला नाही आणि रुबेलाही नाही. ताप-पुरळाचे इतर आजार सगळीकडे असतातच. ते जर आपल्याला सापडत नसतील, तर उद्या गोवर आला तरी सापडणार नाही. २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्हा २८ लाखांचा आणि सातारा ३० लाखांचा. म्हणजे सांगलीत वर्षाला निदान छप्पन आणि साताऱ्यात साठ नमुने "गोवर नाही, रुबेला नाही" असे परत यायला हवेत. तेवढे येत असतील आणि वर गोवर शून्य असेल, तर पेढे वाटा. नमुनेच गेले नसतील, तर ते शून्य म्हणजे उसाच्या फडात पाय न ठेवता बिबट्या नाही म्हणून सांगणं.

तेव्हा जिल्ह्याच्या शून्याबरोबर वगळलेल्या संशयितांचा (म्हणजे तपासून गोवरही नाही, रुबेलाही नाही ठरलेल्यांचा) दरही छापून यायला हवा, तालुकावार. जिल्ह्याचा दर चांगला असतो आणि त्यातल्या एखाद्या तालुक्यातून वर्षभर एक नमुना गेलेला नसतो. असे तालुके मी पाहिले आहेत.

आपल्याकडचे अनुभव सांगा. डॉक्टर, आशा, पालक, सगळ्यांनी लिहा.

---

अनघा_कराड

ताई, धागा आवडला. वगळलेल्या नमुन्यांवरून काम जोखायचं हे आजवर वाचनातच आलं नव्हतं.

दोन शंका. माझ्या मुलीचे एमआरचे दोन्ही डोस झालेत. तिला उद्या ताप येऊन पुरळ उठलं तर तिचंही रक्त द्यायचं का? आणि डॉक्टर बघूनच सांगतात ना गोवर आहे की नाही? आमच्या आजी तर लांबून चेहरा बघून सांगायच्या.

---

मिरज_बालरोग

अनघाताई, आजींचा अंदाज तेव्हा बहुतेक वेळा बरोबर ठरायचा, कारण तेव्हा घरोघरी गोवरच असायचा. आता पुरळ घेऊन येणाऱ्या मुलांत गोवराचं मूल क्वचित असतं. डेंग्यू, रुबेला, पार्व्हो, रोझिओला, औषधाची ॲलर्जी, सगळ्यांत अंग लाल होतं. आजार जितका कमी होत जातो, तितकं नुसत्या नजरेवर विसंबणं चुकीचं ठरत जातं. म्हणून प्रयोगशाळा.

तरी काही खुणा सांगतो. तीन-चार दिवस चढता ताप, सोबत खोकला, वाहतं नाक आणि लाल, पाणावलेले डोळे. मूल अगदी चिडचिडं होतं, उजेड सहन करत नाही. गालाच्या आतल्या बाजूला, दाढांच्या समोर, लाल त्वचेवर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसतात, त्यांना कॉप्लिक ठिपके म्हणतात. ते पुरळाच्या एक-दोन दिवस आधी येतात आणि लगेच जातात, म्हणून बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. मग पुरळ कानामागून, केसांच्या कडेने सुरू होतं आणि चेहऱ्यावरून छाती, पोट, पाय असं खाली उतरत जातं.

दोन डोस झालेल्या मुलीचं रक्त द्यायचं का? हो, द्यायचंच. दोन डोसनंतर संरक्षण साधारण ९७ टक्के असतं. उरलेल्यांत गोवर झाला तर तो सौम्य असतो, आणि सौम्य असल्यामुळेच ओळखू येत नाही. फॉर्मवर डोसच्या तारखा मात्र कार्ड बघून लिहा. नुकतीच लस घेतलेल्या मुलातही आयजीएम पॉझिटिव्ह येतं, आणि लसीनंतर आठवड्या-दीड आठवड्याने काही मुलांना सौम्य पुरळही उठतं. तारीख नसेल तर त्या पॉझिटिव्हचा अर्थ लावता येत नाही. पुरळाच्या पहिल्या तीन दिवसांत घेतलेलं रक्त कधी कधी खोटं निगेटिव्हही येतं, तेव्हा शंका दाट असेल तर पुन्हा नमुना घ्यावा.

आता आमच्या बाजूचं बोलतो, कारण येरळाताईंनी ते सभ्यपणे टाळलंय. खासगी दवाखान्यांतून संशयित कळवण्याचं प्रमाण फार कमी आहे. मिरजेत सांगली-कोल्हापूरचेच नाहीत, अथणी, बेळगाव, विजयपूरकडचेही रुग्ण येतात. पालक म्हणतात, "फक्त औषध द्या, सरकारी चौकशी मागे नको." डॉक्टरही दवाखान्याच्या गर्दीत "व्हायरल पुरळ" लिहून मोकळे होतात. तो रुग्ण जत तालुक्यातला असो की सीमेपलीकडचा, दोन्ही राज्यांच्या नोंदीतून गळतो. कळवण्यासाठी निदान पक्कं असावं लागत नाही. ताप आणि पुरळ एवढं पुरे, एक फोन पुरे. हे माझ्या सगळ्या समव्यावसायिकांना मी कळकळीने सांगतो.

---

पलूस_सांख्यिकी

मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे या धाग्यावर गप्प बसवत नाही.

९३.७ आणि ९२.२ हे आकडे ऐकायला भरभक्कम आहेत. ते हजार बाळांवर मांडून बघू. पहिला डोस ९३७ जणांना मिळाला. नऊ महिन्यांच्या वयाला दिलेला डोस साधारण ८५ टक्के बाळांना लागू पडतो, म्हणजे ७९६ सुरक्षित. १४१ बाळांनी लस घेतली, पण संरक्षण तयार झालं नाही, आणि ६३ बाळांना लसच मिळाली नाही. दुसरा डोस या १४१ पैकी जवळजवळ सगळ्यांना मिळाला असं धरलं, तर त्यातली १३० च्या आसपास सुरक्षित होतात. शेवटी हजारात सत्तरएक मुलं उघडी राहतात. संरक्षण झालं ९३ टक्के. गोवराची साखळी तुटायला समाजात ९५ टक्क्यांच्या वर संरक्षण लागतं, कारण कोणालाच संरक्षण नसलेल्या समाजात एक रुग्ण बारा ते अठरा जणांना आजार देतो.

सात टक्के किरकोळ वाटतात. देशात वर्षाला सुमारे अडीच कोटी बाळं जन्मतात. म्हणजे दर वर्षी सतरा-अठरा लाख उघडी मुलं जुन्या साठ्यात भर घालतात. गोवर दोन-तीन वर्षं शांत राहतो आणि मग एकदम उसळतो, त्याचं गणित हे आहे. शांत वर्षांत साठा भरत असतो.

आणि ही सत्तर मुलं हजारांत सारखी विखुरलेली नसतात, एका जागी असतात. एखाद्या वस्तीत दहातली चार उघडी आणि शेजारच्या कॉलनीत एकही नाही, तरी सरासरी छानच येते.

आकडा कुठून आला हेही बघायला हवं. वर दिलेलं प्रमाण आरोग्य केंद्रांनी भरलेल्या नोंदींचं आहे. दिलेले डोस भागिले अपेक्षित बाळं. भागाकारातली खालची संख्या अंदाजाची असते. स्थलांतर जास्त असलेल्या तालुक्यात ती चुकली की टक्केवारी शंभराच्याही पुढे जाते. घरोघर जाऊन विचारलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गोवराचा पहिला डोस ८७.९ टक्के मुलांना मिळाला होता, आणि २४ ते ३५ महिन्यांच्या मुलांत दुसरा डोस मिळालेली फक्त ५८.६ टक्के. त्यानंतर सुधारणा झाली असेल, नक्कीच झाली असेल. पण कागदावरचा डोस आणि घरातलं मूल यांत किती फरक पडू शकतो, ते यावरून कळावं.

---

येरळाकाठ

पलूसदादा, अगदी हेच. त्याला जोडून देशाचा आलेखही बघा. २०१७ मध्ये दर दहा लाख लोकांमागे गोवराचे १०.४ रुग्ण नोंदले गेले, २०२१ मध्ये ४. म्हणजे ६२ टक्के घट. २०१७ ते २०१९ मधली घट मी मनापासून मानते, कारण फेब्रुवारी २०१७ पासून एकेका राज्यात एमआरची मोठी मोहीम होत गेली. पण २०२० आणि २०२१ चं काय? शाळा बंद, गाड्या बंद, तोंडाला मास्क. विषाणूला फिरायला वाव कमी होता, आणि त्याचबरोबर आमची सगळी माणसं कोविडच्या कामाला जुंपलेली. सिस्टर क्वारंटाइन सेंटरला, आशा घरोघर ऑक्सिजन मोजत. पुरळ शोधायला होतं कोण? लसीकरणाची सत्रंही मागे पडली. त्या दोन वर्षांत आकडा खाली दिसत होता आणि उघड्या मुलांचा साठा चढत होता.

मग २०२२ ची दिवाळी आठवा. मुंबईत गोवंडी, तिकडे भिवंडी, मालेगाव. मुलं गेली. केंद्राची पथकं आली. उद्रेकाच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना एक जादा डोस द्यायचा ठरला. जिथे एकूण रुग्णांत नऊ महिन्यांच्या आतली बाळं दहा टक्क्यांहून जास्त सापडली, तिथे सहा महिने पूर्ण झाल्यावरच एक डोस द्या, तो मोजू नका आणि पुढचे दोन नेहमीप्रमाणे द्या, असं सांगितलं गेलं. लस घेण्याच्या वयालाही न पोचलेली बाळं आजारी पडतात, तेव्हा आजूबाजूच्या मोठ्या मुलांचं कुंपण मोडलंय हे वेगळं सांगावं लागत नाही.

---

कृष्णाकाठचा

सगळ्यांचा मान राखून वेगळं मत मांडतो. आमच्या लहानपणी वाळव्यात घरटी गोवर यायचा. आम्ही सहा भावंडं, सगळ्यांना आला, सगळे धडधाकट. एकदा आला की जन्माची काळजी मिटली. २०१८ च्या मोहिमेत शाळेत पोरं चक्कर येऊन पडल्याच्या बातम्या आल्या होत्या. नातवाला लस दिली आहे, पण हे दुसऱ्या डोसचं, जादा डोसचं जरा जास्त होतंय असं वाटतं.

---

मिरज_बालरोग

काका, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत ते बरं झालं, ओपीडीत हाच प्रश्न रोज येतो.

तुमची सहाही भावंडं तगली ही आनंदाचीच गोष्ट. पण जी तगली नाहीत, ती आज इथे लिहायला नाहीत. १९६३ मध्ये लस निघाली. त्याआधी जगात गोवराने वर्षाला अंदाजे २६ लाख माणसं जात, बहुतेक लहान मुलं. २०२४ मध्ये हा अंदाज ९५ हजारांवर आला आहे.

जन्माची काळजी मिटली, हे गोवरापुरतं खरं. पण गोवराचा विषाणू शरीराची जुनी आठवण पुसतो. इतर आजारांशी लढून जमवलेल्या अँटिबॉडीजपैकी ११ ते ७३ टक्के गोवरानंतर नाहीशा झाल्याचं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. मूल गोवरातून उठतं आणि पुढची दोन-तीन वर्षं न्यूमोनिया, जुलाब यांना सहज बळी पडतं. घरचे म्हणतात गोवर तर केव्हाच बरा झाला होता, हे वेगळंच दुखणं. हजारात एखाद्याला मेंदूला सूज येते. आणि एसएसपीई नावाचं मेंदूचं एक फार क्रूर दुखणं आहे. गोवरानंतर सात-आठ वर्षांनी, चांगलं शाळेत जाणारं मूल अभ्यासात मागे पडू लागतं, हातातल्या वस्तू पडतात, झटके येतात. त्याला बरं करणारं औषध नाही. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्यांना त्याचा धोका जास्त. अशा मुलाच्या आईला समोर बसवून हे सांगावं लागतं, तेव्हा शब्द सापडत नाहीत.

मोहिमेत चक्कर आलेली मुलं, मुख्यतः मोठी, सुईच्या आणि रांगेतल्या भीतीने घेरी येऊन पडली होती. उपाशीपोटी रांगेत उभी असतात. थोडं झोपवलं, पाय वर केले, की उठून बसतात. लसीने खरी ॲलर्जी होते, पण फार विरळा. म्हणूनच लस दिल्यावर अर्धा तास थांबवतात आणि ॲड्रेनॅलिन हाताशी असतं.

दुसरा डोस हा ताकद वाढवायला नसतो. पहिला ज्यांना लागू पडला नाही त्यांच्यासाठी तो असतो, आणि ती मुलं कोणती हे बघून कळत नाही. म्हणून सगळ्यांना.

---

कृष्णाकाठचा

एसएसपीईचं माहीत नव्हतं. आमच्या भावकीत एक मुलगा असाच गेला होता, लोक करणी म्हणत. त्याला लहानपणी गोवर झाला होता का, ते आता सांगणारं कोणी नाही. डॉक्टरसाहेब, धन्यवाद. नातवाचं कार्ड बघून घेतो.

---

वसनाकाठची_आशा

मी कोरेगाव तालुक्यात आशा आहे. तुमच्याएवढं आकड्यातलं कळत नाही, पण वस्तीवर काय होतं ते सांगते.

आमच्याकडं दिवाळीच्या पुढं-मागं ऊसतोड टोळ्या उतरतात, बीडकडच्या, नगरकडच्या. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की जातात. पहाटे तीनला नवरा-बायको दोघं फडावर. तान्हं बाळ पाचटावर, ट्रॉलीच्या सावलीत. आमचं सत्र अंगणवाडीत सकाळी दहाला. त्या वेळेला कोपीत (टोळीच्या झोपडीत) माणूस नसतं. ड्यू लिस्ट, म्हणजे लस द्यायच्या बाळांची यादी, गावच्या घरांची असते. टोळीतल्या बाळाचं नाव तिकडं त्याच्या गावच्या यादीत, "बाहेरगावी" म्हणून शेरा मारलेलं. इकडं यादीत नाही, तिकडं बाळ नाही.

एमआरची बाटली पाच किंवा दहा डोसची येते. पावडर असते, सोबतचं पाणी घालून विरघळवली की चार तासांत संपवायची, उरली तर टाकायची. नियम आहे की एका बाळासाठी पण बाटली फोडा, वाया गेली तर जाऊ दे. पण सिस्टरला वाया गेलेल्या डोसाचा हिशेब द्यावा लागतो, तेव्हा "पुढच्या सत्राला ये ताई" असं तोंडातून जातंच. पुढच्या सत्रापर्यंत टोळी दुसऱ्या गावाला गेलेली असते. आता आम्ही मुकादमाचा नंबर घेऊन ठेवतो. एका दिवसात चार-पाच बाळं जमवतो आणि संध्याकाळी सहानंतर कोपीवर जातो, चूल पेटलेली असते तेव्हा. सिस्टरबाई येतात, त्यांना मानलं पाहिजे, अंधारात रस्ता नसतो.

पुरळाचं म्हणाल तर लोक लपवतात. अंगावर उठलं की बाळाला कडुलिंबाच्या पाल्यावर निजवतात, दाराला डहाळी खोचतात, बाहेरच्याला आत घेत नाहीत. मी त्याच्यावर वाद घालत नाही. बाहेरचं माणूस आत न घेणं हे चांगलंच आहे की. डहाळी दिसली की उंबऱ्याबाहेर उभी राहून बाळाच्या आईला हाक मारते. म्हणते, पाला असू दे, तुमचा देव असू दे, फक्त सिस्टरला थोडं रक्त घेऊ द्या आणि "अ" जीवनसत्त्वाचा डोस पाजू द्या. डोळ्याचं नाव घेतलं की आया ऐकतात, कारण गोवराने डोळा गेलेलं माणूस प्रत्येक गावात कोणीतरी पाहिलेलं आहे.

---

मिरज_बालरोग

ताई, तुमच्या कामाला नमस्कार.

"अ" जीवनसत्त्वाबद्दल इथेच लिहून ठेवतो, कारण बऱ्याच ठिकाणी ते राहून जातं. गोवराच्या प्रत्येक मुलाला लागोपाठ दोन दिवस, रोज एक डोस. सहा महिन्यांच्या आत ५० हजार युनिट, सहा ते अकरा महिने एक लाख, वर्षाच्या पुढे दोन लाख. नियमित कार्यक्रमातला डोस आधी झालेला असला तरी द्यायचा. हे डॉक्टर किंवा सिस्टरच्या हातूनच. घरी मनाने पाजायचं नाही, जास्त झालं तर अपाय होतो.

---

गलाईवाला_विटा

आमच्यासारख्यांचंही ऐका. खानापूर, आटपाडी, तासगावची किती घरं सोने-चांदीच्या गलाईवर (वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यावर) आहेत ते इथल्यांना सांगायला नको. तमिळनाडू, केरळ, उत्तर प्रदेश, बंगाल, कुठलंही शहर घ्या, तिथल्या सराफ कट्ट्यावर विट्याकडचा माणूस भेटेल. माझा धाकटा तिकडेच जन्मला. पहिला डोस तिकडे झाला, कार्ड त्यांच्या भाषेत, ते घर बदलताना गहाळ झालं. दुसऱ्या डोसच्या वेळी बायको बाळंतपणाला माहेरी आलेली. इकडची सिस्टर म्हणाली, तिकडची नोंद दाखवा. तिकडचा दवाखाना म्हणाला, तुम्ही इथे राहत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील, मूल मात्र मध्येच राहिलं.

येरळाताई, तुम्ही ३३२ जिल्हे म्हणता, पण आमच्यासारख्यांना जिल्हा कुठला लावायचा? चैत्रात खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेला सगळा देश गावात येतो. एका घरात दहा राज्यांतून आलेली पोरं एका ताटात जेवतात.

---

येरळाकाठ

दादा, धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची भर तुम्ही घातलीत. गोवराचा विषाणू माणसाखेरीज कुठे राहत नाही. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून तो पसरायला लागतो, आणि रुग्ण खोलीतून उठून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत असू शकतो. आपल्या देशात गोवराचा जोर थंडी सरताना आणि उन्हाळ्याच्या तोंडावर असतो. त्याच वेळी इकडे गाळप हंगाम संपत आलेला, टोळ्या परतीच्या वाटेवर, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन गेलेले मेंढपाळ माण-आटपाडीकडे वळू लागलेले, आणि गलाईवाले यात्रेला. सांगलीच्या शून्याचं नशीब मग उत्तर प्रदेशातल्या एखाद्या गल्लीतल्या लसीकरणावर ठरतं. म्हणून राष्ट्रीय आलेखाकडे आपण इथे बसून बारकाईने बघायला हवं.

निर्मूलन झालं की विषय संपला, असंही नाही. देशांतर्गत साखळी किमान बारा महिने तुटलेली असायला हवी, तीही पाहणी चोख असताना, आणि तीन वर्षं तसं राहिलं तर शिक्कामोर्तब होतं. श्रीलंकेने हे २०१९ मध्ये साधलं, भूतान आणि मालदीवने त्याआधी. उलट कॅनडासारख्या श्रीमंत देशाचा हा दर्जा नोव्हेंबर २०२५ मध्ये गेला, कारण काही समुदायांत लसीकरण ढासळलं आणि एक साखळी वर्षभर तुटली नाही. तिथे ते लपलं नाही, कारण रुग्ण मोजले जात होते. आपली मोजणीही तशी हवी, मग आकडा काही का येईना. एखाद्या वर्षी सांगलीत संशयित दुप्पट झाले, तर वर्तमानपत्रात "गोवराचा विळखा" असा मथळा येतो आणि साहेब लोक सिस्टरवर चिडतात. संशयित शोधले म्हणून शाबासकी मिळायला हवी. ते उलटं झालं की पुढच्या वर्षी कोणी नमुना पाठवत नाही. हे माझ्यासमोर झालेलं आहे आणि त्याचा मला अजूनही राग आहे.

गलाईदादा, तुमच्यासाठी: २०२४ पासून यू-विन (लसीकरणाची सरकारी ऑनलाइन नोंद) सगळ्या देशात आहे. बाळाची नोंद त्यावर असेल तर तिकडचा डोस इकडे दिसतो आणि कुठल्याही राज्यात पुढचा घेता येतो. मोबाइल नंबर मात्र तोच ठेवा.

---

अनघा_कराड

एक विचारते. गलाईदादांच्या मुलासारखं कार्डच नसेल आणि आधी डोस झाल्याचं नुसतं आठवत असेल, तर पुन्हा दिला तर चालतो का? आणि घरात कोणाला गोवर निघाला तर बाकीच्या मुलांसाठी लगेच काही करता येतं का?

---

मिरज_बालरोग

चालतो. लेखी नोंद नसेल तर डोस झालेला नाही असंच धरतात. आधी झालेला असला तरी जादा डोसने नुकसान नाही. सरकारी केंद्रात पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत राहिलेली एमआर मोफत मिळते, दोन डोसमध्ये किमान एक महिन्याचं अंतर ठेवून.

घरात किंवा वर्गात रुग्ण निघाला, तर लस न झालेल्या मुलांना संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत टोचली तर आजार टळू शकतो. म्हणून त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवा. रुग्णाला पुरळ उठल्यापासून चार दिवस शाळेत पाठवू नका. घरात गरोदर बाई किंवा अगदी लहान बाळ असेल तर तेही फोनवर सांगा, त्यांचा विचार वेगळा करावा लागतो.

---

गलाईवाला_विटा

डॉक्टरसाहेब, धन्यवाद. धाकटा अजून पाचच्या आत आहे, या आठवड्यात उपकेंद्रात नेतो. आमच्या गलाई मंडळींचे शहरवार व्हॉट्सॲप गट आहेत. यात्रेला येताना प्रत्येकाने पोरांचं कार्ड किंवा यू-विनचा फोटो सोबत आणायचा, असा निरोप आजच टाकतो. येरळाताई, यात्रेच्या आठवड्यात गावात एक सत्र लावता येईल का? कोणाला भेटावं लागेल?

---

येरळाकाठ

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना अर्ज द्या, प्रत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना. पाच वर्षांखालची मुलं अंदाजे किती येणार ते अर्जात लिहा, म्हणजे बाटल्या तेवढ्या मागवता येतात. किमान महिनाभर आधी द्या. यात्रेच्या मुख्य दिवशी ठेवू नका, त्या दिवशी कोणी येत नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी ठेवा, पाहुणे पोचलेले असतात आणि पोरं घरात सापडतात. अर्जाचा मसुदा मी लिहून देते, निरोप पाठवा.

---

वसनाकाठची_आशा

ताई, तो मसुदा इथंच टाका ना. आमच्याकडं पण पुसेगावच्या यात्रेला बाहेरगावची माणसं येतात, आणि टोळ्यांसाठी पण तोच अर्ज चालंल. मुकादमांची नावं मी गोळा करते.